फोडणीच्या वासाने पंगत सोडणाऱ्या सात मुलांसाठी

शाळा व्यवस्थापन समितीचे ग्रामस्थांना आवाहन

आपल्या प्राथमिक शाळेतली सात मुले पोषण आहाराला बसत नाहीत. लसूण-मोहरीची फोडणी पडली की कोणी नाक दाबते, कोणाला उमासे येतात. हे लाड नव्हेत. त्यांना वास आणि चव सोसवणार नाही इतकी तीव्र जाणवते. या जेवणातून पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायची असतात, ती बुडतात. आणखी एक मूल उलट आहे, चव पुरत नाही म्हणून खडू चाटते. (खडू-माती खाणाऱ्याचे रक्त आधी तपासून घ्यावे. लोह कमी असले तरी असे होते.)

गरम अन्नाचा वास जास्त पसरतो, म्हणून या मुलांचा भात पसरट ताटात निववून द्यायचा, डाळ वेगळ्या वाटीत. खिचडीत प्रत्येक घास निराळा लागतो, तेच त्यांना नको असते. त्यासाठी खणांची आठ स्टीलची ताटे आणि २४ लहान वाट्या हव्यात. प्लास्टिक नको, त्यात लसणाचा वास मुरतो. डब्याच्या रबरी रिंगेतही. स्वयंपाकखोलीला १२ इंची एक्झॉस्ट फॅन हवा. तो मागच्या भिंतीला बसेल. व्हरांड्याकडे बसवला तर सगळा वास पंगतीवरच येईल.

पैशांपेक्षा माणसे जास्त हवीत. रोज दुपारी साडेबारा ते सव्वा, दोघे जण. त्यांनी या मुलांजवळ बसून नव्या पदार्थाची सवय लावायची. नवा पदार्थ शेंगदाण्याएवढा, वेगळ्या वाटीत. आधी नुसता समोर ठेवायचा, मग बोट लावणे, हुंगणे, ओठाला, जिभेला आणि शेवटी चावणे. एकेका पायरीला आठवडाही लागतो, एकच पदार्थ दहा-पंधरा वेळा ठेवावा लागतो. चिऊ-काऊचे घास इथे चालत नाहीत; जबरदस्ती केली की मूल मागच्या पायरीवर जाते. मेथी थालीपिठात लपवू नका. सापडली की थालीपीठही सुटते. येताना अत्तर, गजरा, वासाचे तेल नको.

वजन घटणाऱ्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या मुलाला आधी डॉक्टरांकडे न्यावे. बाकीच्यांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टला (जेवणासारखी रोजची कामे जमावीत म्हणून मुलांना सराव देणाऱ्या तज्ज्ञाला) महिन्यातून एकदा बोलवायचे आहे, रोख मदत त्यांच्या मानधनासाठी. पावती मुख्याध्यापकांकडे, शाळा सुटल्यावर. साबण देणार असाल तर बिनवासाचा द्या.