काना गावच्या रांजणांतले चिन्ह

मा. संपादक,
चमत्कार म्हणजे देवाच्या ताकदीचे प्रदर्शन, असा अर्थ सर्रास लावला जातो, हे खटकते. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, येशूच्या चमत्कारांना ‘चिन्हे’ म्हटले आहे. पहिले चिन्ह काना गावच्या लग्नातले. द्राक्षारस संपलेला, तिथे शुद्धीकरणासाठी ठेवलेले ६ दगडी रांजण. प्रत्येकात साधारण ८० ते १२० लिटर पाणी मावे. येशूच्या सांगण्यावरून नोकरांनी ते काठोकाठ भरले, त्यातले काढून भोजनकारभाऱ्याकडे नेले, तर पाण्याचा द्राक्षारस झालेला. मंत्र नाही, घोषणा नाही. द्राक्षारस आला कुठून, हे त्या कारभाऱ्यालाही कळले नाही. ठाऊक होते पाणी काढणाऱ्या नोकरांना!

पुढे ५ भाकरी आणि २ मासळ्यांत ५,००० पुरुष जेवले, तेव्हा लोक येशूला राजा करायला निघाले आणि तो एकटाच डोंगरावर निघून गेला. त्यांना भाकरी दिसली, चिन्ह हुकले. प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या आजच्या चंगाई सभांच्या फलकांवर हीच गल्लत दिसते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला बजावतो: कोणाला सांगू नकोस, याजकाला (धर्मगुरूला) दाखव. गाजावाजा नको, तपासणी हवी. फ्रान्समधल्या लूर्द या ख्रिस्ती तीर्थस्थानी १८८३पासून डॉक्टरांची कचेरी बरे झाल्याचे दावे असेच तपासते: आधीचे निदान पक्के हवे; बरे होणे अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवे. आपल्याकडच्या सभांतूनही ‘औषधे बंद करू नका’ एवढे तरी स्पष्ट सांगितले जावे.

– एक वाचक, वसई