आशाताई, तुमच्या चिठ्ठीबद्दल आभार

आशाताई,
स. न. वि. वि.

कातडी कोरडी पडली, केस गळायला लागले की माणूस आधी मेडिकलमध्ये जातो, तिथून शेजारणीकडे, आणि सगळे उपाय थकल्यावर ओपीडीत. हातात क्रीमची पिळून संपवलेली ट्यूब. गावची आशा, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका, म्हणून तुम्ही पाठवलेल्या पेशंटच्या हातात मात्र वहीच्या पानाची घडी असते. त्यातली एक इथे जशीच्या तशी: ‘दोन्ही कोपरं, मांड्यांची बाहेरची बाजू खरखरीत. चार महिने. खाज नाही. अंधारात नीट दिसतं. घरात पाच माणसं, तेल महिन्याला एक लिटर, पामतेल.’ हे अनावृत पत्र या अशा ओळींसाठी आहे. दुसऱ्या गावच्या आशाताईंनीही ते वाचावं म्हणून उघडं ठेवलंय.

खाज नाही असं लिहिलंत, तिथेच खरूज आणि इसब मागे पडले. अंधारात दिसतं म्हणालात, म्हणजे अ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असण्याची शक्यता घटली. तरी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका नाही ना, हे पाहावंच लागतं. मग उरलं ते तेल, आणि त्याचा हिशोब तुम्हीच करून दिलात. एक लिटर तेल म्हणजे सुमारे 910 ग्रॅम. तीस दिवस आणि पाच माणसांत वाटलं की माणशी रोज 6 ग्रॅम, म्हणजे जेमतेम सव्वा चहाचा चमचा. त्यातही पामतेल. त्वचेला हवं असलेलं लिनोलेइक आम्ल पामतेलात साधारण दहा टक्के असतं, शेंगदाणा तेलात तीस टक्क्यांच्या आसपास, सोयाबीन तेलात पन्नास आणि नेहमीच्या करडई तेलात सत्तरच्या वर. म्हणजे त्या सहा ग्रॅममधून हातात पडतं अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त. थोडंफार धान्या-डाळीतून मिळतं, पण मोठ्या माणसाची दिवसाची गरज सहा-सात ग्रॅमच्या घरात आहे.

या त्वचेवरून हात फिरवला की किसणीवरून फिरवल्यासारखं वाटतं. भिंगातून पाहिलं तर केसाच्या प्रत्येक मुळाशी एक कडक बूच बसलेलं दिसतं. नखाने खरवडलं की ते निघतं आणि मागे बारीक खड्डा राहतो. 1933 मध्ये निकोल्स या डॉक्टरांनी याला भेकाच्या कातडीवरून ‘फ्रिनोडर्मा’ हे नाव दिलं. कारण एकच असतं असं नाही. अ, ब आणि ई या जीवनसत्त्वांचीही नावं घेतली जातात. पण स्निग्ध पदार्थ अजिबात न दिलेल्या उंदरांची कातडी खवल्यांची होते, हे बर पती-पत्नींनी 1929 सालीच दाखवलं होतं. त्वचेच्या पेशींमधला गिलावा लिनोलेइक आम्लाशिवाय नीट तयार होत नाही आणि ओल उडून जाते. वरून चोपडलेलं खोबरेल तेल झाकणासारखं काम करतं, तेवढं बरंच. पण त्यात हे आम्ल दोन टक्क्यांच्या आसपासच असतं.

म्हणून तुम्ही ज्यांना ‘तेल बदला’ म्हणता, त्यांना पुढचंही सांगत जा. सगळं तेल बदलणं परवडत नसेल तर फोडणीपुरतं करडईचं घ्यावं. नाहीतर कारळ्याची चटणी माणशी रोज दोन चमचे. जवस चालतो, पण भाजून कुटूनच. अख्खा दाणा खाल्ला तसा बाहेर पडतो. कूट आठवड्यापुरतंच करावं, जास्त ठेवलं की खवट होतं. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात. लोक पंधराव्या दिवशी सोडून देतात आणि मग म्हणतात, चटणीने काही झालं नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर तुमची नजर दंडाचा घेर मोजायच्या पट्टीपेक्षा पुढे असते. ‘केस भुरे झालेत, ओढला की हातात येतो, पण मधला पट्टा काळा’ असं तुम्ही एका बाळाबद्दल लिहिलं होतंत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. भुरा पट्टा मुळापासून तीन सेंटिमीटरवर असेल, तर प्रथिनांची ओढाताण तीन महिन्यांपूर्वीची. बाळाने काय आणि कधी सोसलं, ते केसात लिहिलेलं असतं. अशा मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून पाहत जा. दोन्हीकडे खड्डा राहिला, तर दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटर या तीव्र कुपोषणाच्या मर्यादेच्या वर असला तरी थांबायचं नाही, त्याच दिवशी पाठवायचं. सूज वजन लपवते.

बाळंतिणीचे केस तिसऱ्या महिन्यात पुंजक्याने येतात, ते बहुतेकदा आपोआप थांबतं. डेंग्यू किंवा टायफॉइडनंतरही तसंच. म्हणून ‘आता काय खाता’ याच्या जोडीला ‘तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं’ हा प्रश्नही हवा. मासिक पाळीत जास्त रक्त जात असेल तर लोहाकडे बघायचं. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा, म्हणजे फेरिटिन, रिकामा असू शकतो. लोहाच्या लाल गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. हे तुम्ही आधीपासून सांगताच.

थायरॉइड मंदावला तरी कातडी कोरडी पडते आणि केस राठ होतात, तेव्हा ती तपासणी लागतेच. इथेच एक घोळ होतो. केसांसाठी म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या गोळीत 5,000 ते 10,000 मायक्रोग्रॅम असतात, आणि दिवसाची गरज 30-40. शरीराला ते सहसा सोसतं, तपासणीच्या यंत्राला नाही. काही पद्धतींत टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला मुख्य आकडा, खोटा कमी दिसतो आणि थायरॉइडचं काम वाढल्याचा भास होतो. निदान दोन दिवस गोळी बंद ठेवून मगच रक्त द्यायला पाठवा.

आणि ‘काहीतरी कमी पडलंय’ हे दर वेळी खरं नसतं. 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यात लोकांची टक्कलं पडू लागली, तेव्हा आधी पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. अ जीवनसत्त्वाचंही तेच. फार झालं तर ओठ फुटतात, कातडी सुकते, केस जातात, म्हणजे कमतरतेत दिसतं जवळपास तसंच. बाळाच्या डोसची तारीख कार्डावर पाहूनच पुढचा डोस, हा तुमचा हट्ट म्हणून मोलाचा.

एक विनंती. पेशंट घरी कुठली गोळी घेते ते नावाने सांगता येत नाही, ‘पिवळी होती’ एवढंच आठवतं. चिठ्ठीला रिकामं पाकीट टाचून पाठवाल का? मागे मात्रा छापलेली असते, तो भाग फाटू देऊ नका.

आपले,
उपजिल्हा रुग्णालयातले आहारतज्ज्ञ आणि त्वचारोग ओपीडीची मंडळी