वायरमन दादा, तुम्ही त्या दिवशी फ्यूज घातला नाहीत

दादा,

सांगलीच्या गावभागातली, डीपीसमोरची (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरसमोरची) पिठाची गिरणी, ऑगस्ट २०१९. एवढ्यावरून तुम्हाला मी आठवेन.

आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७च्याही वर गेलेली. पाणी उतरल्यावर गिरणी उघडली तर मोटर गाळात रुतलेली, पोत्यातल्या ज्वारीला मोड आलेले. पलीकडच्या पेठेत लाइट आली होती, आमच्या गल्लीत नव्हती. आम्ही सात-आठ जणांनी तुम्हाला डीपीपाशी अडवलं. सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.

तुम्ही उलटून बोलला नाहीत. माझं मीटर उघडून आतला गाळ दाखवलात. म्हणालात, "काका, आत्ता फ्यूज घातला तर ओल्या भिंतीला पहिला हात तुमच्याच घरातल्या कुणाचा तरी लागेल." माझा धाकटा तेव्हा आत अनवाणी चिखल उपसत होता.

मग घरोघर फिरून तुम्ही मेन स्विच पाडलेत, बुडालेली मीटरं सोडवलीत. कोपऱ्यावरच्या दुकानात जनरेटर सुरू झाला, तसे मात्र तुम्ही धावत सुटलात. त्या दुकानाचा मेन स्विच चालूच होता. खालचे २३० व्होल्ट डीपीतून उलटे चढले की वरच्या तारेत ११ हजार होतात, आणि लाइन बंद आहे असं समजून तुमचा माणूस त्याच वेळी खांबावर असतो, हे तुम्ही आम्हाला तिथेच उभं राहून समजावलंत. पन्नाशी उलटलेल्या मला हे माहीत नव्हतं. खांबावर चढण्याआधी तुम्ही तारेला डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारेतली वीज जमिनीत उतरवणारी दांडी, का लावता, तेही तेव्हाच कळलं. दादा, तुमच्या जिवाला आमच्याकडूनही धोका असतो आणि तरी तुम्ही आमच्याच दारात येता, हे मी विसरलेलो नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट आली. कोरडी घरं आधी, आमची नंतर, आणि तेच बरोबर होतं. मोटर वाइंडिंगवाल्याकडे नेऊन वाळवा, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावल्याशिवाय सुरू करू नका, असं तुम्ही जाताना बजावलंत. मी तसंच केलं. आजही तीच मोटर दळतेय.

जुलै २०२१ला पुन्हा पाणी आलं. या वेळी घर सोडण्याआधी गल्लीतले सगळे मेन आम्हीच पाडले, मोटर माळ्यावर चढवली.

त्या दिवशी जे बोललो त्याची माफी मागतो. तुमचे मनापासून आभार. गिरणीवरून जाताना थांबा, दादा. तेव्हा तुम्हाला साधा चहासुद्धा विचारला नव्हता.

तुमचा,
गिरणीवाले काका