बुरशीचे बीजाणू: बनवणं सोपं, बाहेर पडणं अवघड

प्रिय मनू,

काल फोनवर तू वैतागून म्हणालीस ना, की पुस्तकात बुरशीचं प्रजनन चार ओळींत उरकलंय, बीजाणूधानी (बीजाणूंची पिशवी) फुटते, बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बीच म्हण, हवेत पसरतात, ओल मिळाली की रुजतात, झालं. मार्कांपुरतं ते ठीक आहे पण मला विचारशील तर "फुटते आणि पसरतात" या तीन शब्दांतच खरी गंमत गाडून टाकलीये, म्हणून हे लांबडं पत्र, निवांत वाच.

आधी एक गोष्ट पक्की कर. आपल्याला दिसते ती अळंबी म्हणजे अख्खी बुरशी नाही. खरी बुरशी म्हणजे खाली मातीत नाहीतर लाकडात पसरलेलं बारीक तंतूंचं जाळं, ते गुपचूप खात आणि वाढत असतं आणि कुणाला पत्ताही नसतो. अमेरिकेत ओरेगनच्या जंगलात आर्मिलारिया नावाच्या बुरशीचं एकच जाळं जवळपास ९ चौरस किलोमीटर पसरलंय. अळंबी वर येते ती फक्त बीजाणू सोडायला, काम झालं की सडून जाते.

आता तुझा प्रश्न, की प्रजननाच्या दोन-दोन पद्धती कशाला, एक एकट्याने नकला काढायची आणि दुसरी जोडीदाराशी जुळायची. पावावरची बुरशी बघ, रायझोपस. खायला भरपूर आहे तोवर ती उभ्या तंतूंच्या टोकाला काळे गोळे धरते, त्या बीजाणूधान्या, आणि आतले सगळे बीजाणू तिच्याच नकला. पेनिसिलियम नावाची बुरशी तर गोळ्याच्या भानगडीतही पडत नाही, तंतूच्या टोकाला एकामागे एक बीजाणूंच्या माळाच सुटतात. जोडीदार नको, वेळ नको, फटाफट काम. पण सगळ्या नकलाच असल्या की एखादा नवा रोग किंवा दुष्काळ आला तर सगळ्या एकदमच मरायच्या, म्हणून अधूनमधून मिसळामिसळ लागते. रायझोपसचे दोन वेगळ्या प्रकारचे तंतू भेटले तर टोकं जुळतात आणि जाड कवचाचा एक काळा बीजाणू होतो, तो वाईट दिवस झोपून काढतो. हे दोन प्रकार दिसायला अगदी सारखेच, त्यामुळे नर-मादी म्हणायची सोय नाही, ब्लेकस्ली नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये हे दाखवलं आणि सरळ अधिक आणि उणे अशी नावं देऊन मोकळा झाला. आणि दोनच प्रकार असतात असं समजू नकोस, लाकडावर येणाऱ्या स्किझोफायलम कम्यूनमध्ये असे २० हजारांहून जास्त प्रकार आहेत, म्हणजे वाटेत जो कोणी परका भेटेल तो बहुतेक वेळा चालतोच!

अळंबीवाल्यांचं तर अजून विचित्र. दोन तंतू जुळतात पण त्यांची केंद्रकं एक होत नाहीत, प्रत्येक पेशीत दोघं शेजारी-शेजारी राहतात, जाळं वाढतं, कधीकधी वर्षानुवर्षं हेच चालतं. टोपीखाली जे पातळ पडदे असतात त्यांच्यावरच्या खास पेशींमध्ये, अगदी शेवटच्या घटकेला, ती केंद्रकं एक होतात, लगेच अर्धगुणसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं) होतं आणि पेशीच्या डोक्यावर साधारण चार बीजाणू उभे राहतात. दुसरा एक मोठा गट बीजाणू पेशीच्या आतच पिशवीत भरतो, बहुतेकदा आठ.

आणि इथून पुढे खरी पंचाईत. बीजाणू असतो मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. एवढ्याशा वस्तूला हवा म्हणजे घट्ट पाक (फेकली तरी लगेच थांबते), आणि कुठल्याही पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक जवळपास स्थिर थर असतो, तो ओलांडल्याशिवाय वारा मिळतच नाही. म्हणजे घरातून बाहेर पडणंच अवघड (टोमणा नाहीये हा).

अळंबी काय करते ऐक. बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो, अंगावरही पाण्याचा पातळ थर असतो, थेंब फुगत फुगत त्या थराला टेकला की क्षणात त्यात मिसळून जातो आणि त्या झटक्यात पृष्ठताणाची जी ऊर्जा सुटते तिने बीजाणू उडतो. बुलर नावाचा संशोधक कॅनडात वर्षानुवर्षं याच्या मागे लागला होता म्हणून याला बुलरचा थेंब म्हणतात. उडून जातो किती, तर एक मिलिमीटरसुद्धा नाही! हसू नकोस, तेवढंच हवं असतं, जास्त गेला तर समोरच्या पडद्यावर आपटून चिकटेल, कमी गेला तर सुटणारच नाही. बरोबर मधल्या फटीत जाऊन थांबतो, मग सरळ खाली पडतो आणि टोपीखाली आला की वाऱ्याच्या ताब्यात. दांडा उंच असतो तो याचसाठी, आणि कोवळी अळंबी आडवी पाडून ठेवलीस तर दांडा वाकून टोपी परत सरळ करून घेते तेही याचसाठी.

पण माझा लाडका म्हणजे पायलोबोलस, हीसुद्धा एक बुरशीच. हा शेणावर, लिदीवर वाढतो, आणि जनावरं शेणाजवळचं गवत खात नाहीत, मग याचे बीजाणू परत जनावराच्या पोटात जाणार कसे? तर हा काळ्या बीजाणूधानीखाली पाण्याने टम्म फुगलेला फुगा तयार करतो, उजेडाकडे नेम धरतो, दाब वाढला की फुगा फुटतो आणि अख्खी बीजाणूधानी दोन मीटरपर्यंत जाऊन ताज्या गवतावर चिकटते, स्वतः असतो जेमतेम सेंटिमीटरभर. जनावर गवत खातं, बीजाणू पचत नाहीत, पुढच्या शेणातून बाहेर. मला तरी यापेक्षा भारी प्लॅन माहीत नाही.

बाकीच्यांनी कष्ट दुसऱ्यावर ढकललेत. पफबॉल, म्हणजे चेंडूसारखी गोल बुरशी, पावसाच्या थेंबाचा फटका बसायची वाट बघतो, मोठ्या पफबॉलमध्ये काही लाख कोटी बीजाणू असतात आणि त्यातले जवळपास सगळे वायाच जातात. ट्रफल नावाची बुरशी जमिनीखालीच राहून नुसता वास सोडते, जनावरं उकरून खातात.

हे कळायलाही माणसाला वेळच लागला बरं का. बुरशी सडण्यातून आपोआप उपजते असंच लोक धरून चालायचे, मग इटलीतल्या मिकेली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने बीजाणू खरबुजाच्या फोडींवर पेरले, तीच बुरशी उगवली, आणि १७२९ मध्ये ते छापलं. तरीही लोकांना पटायला पुढे बराच काळ गेला.

तुला बघायचं असेल तर एक पूर्ण उघडलेली अळंबी घे, दांडा कापून टोपी पडद्यांची बाजू खाली करून कागदावर ठेव, कागद अर्धा पांढरा अर्धा काळा असू दे कारण काही जातींचे बीजाणू पांढरे असतात, वर भांडं पालथं घाल आणि रात्रभर हात लावू नकोस. सकाळी पडद्यांची हुबेहूब नक्षी मिळेल. रानातली असली तर हात धू आणि खायचा विचारही करू नकोस, आणि बुरशी आलेला पाव नाकाजवळ नेऊन हुंगायचा नाही, तुझा दमा लक्षात आहे ना. नक्षीचा फोटो पाठव, रंग कुठला आला ते बघू, त्यावरून गट ओळखायला बरीच मदत होते.

तुझा,
बाबा