साकवासाठी वर्गणी हवी, त्याहून जास्त माणसं हवीत

मुंबईकर, पुणेकर आणि वाडीतल्या सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

यंदा शिमग्याला पालखी साकवावरून, म्हणजे पऱ्ह्यावरच्या (ओढ्यावरच्या) आपल्या लाकडी पुलावरून गेली नाही, हे तुम्ही पाहिलंतच. भोयांनी ती पऱ्ह्यात उतरवली आणि कोरड्या धोंड्यांवरून तोल सांभाळत पलीकडे चढवली. फाल्गुनात पऱ्ह्याला पाणी नसतं, म्हणून निभावलं. आषाढात शाळेची पोरं काय करणार? आजारी माणसाची डोली कुठून न्यायची?

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, त्याच पावसात एक ओंडका वाहत येऊन मधल्या खांबावर आदळला. जांभ्याचे चिरे तेव्हा सरकले ते सरकलेच. वरच्या तुळया माडाच्या, मागच्या खेपेस घाईत टाकलेल्या. माड स्वस्त पडतो, पण आतून भुसा होतो. परवा एका तुळईत कोयती टोचून पाहिली, तर पातं निम्मं आत गेलं. कुंडमळ्याला 15 जून 2025 ला गर्दीच्या भाराने पूल कोसळून माणसं गेली ते आठवा आणि काम होईतो एका वेळी एकानेच जा. गुरं तर नकोतच.

काँक्रीटच्या साकवाचा अर्ज केव्हाच दिलाय. तो मंजूर होईल तेव्हा होईल, मृग काही थांबत नाही.

या वेळी तुळया ऐनाच्या आणि फळ्या किंजळीच्या, आजोबांच्या साकवाला होत्या तशा. झाडं वाडीतल्याच दोघांनी देऊ केलीत. दोन्ही जाती 1964 च्या वृक्षतोड कायद्यात येतात, म्हणून रीतसर परवानगी काढली आहे. जुनी माणसं म्हणतात, तोड काळोख्या पंधरवड्यातच करा, कीड लागत नाही. पटो न पटो, दिवस तसाच धरलाय. खर्च आहे तो कापाईचा, वाहतुकीचा, गवंड्याचा आणि लाकडाला लावायच्या काजूच्या टरफलांच्या तेलाचा.

चुलीमागे, म्हणजे दर कुटुंबामागे, 1,500 रुपये वर्गणी ठरली आहे. खजिनदारांकडे द्या, पावती मागून घ्या. ज्यांना पैशांनी जमणार नाही, त्यांनी संकोच न करता नुसतं यावं. वाडीत राहिलेले बहुतेक साठीच्या पुढचे, ऐनाची तुळई त्यांच्याने उचलत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यातले चार दिवस काढा. दोन्ही वेळचं जेवण सहाणेवर (पालखी बसते त्या चौथऱ्यावर).

येताना जाड दोरखंड आणि हातमोजे आणा. काजूचं तेल हाताला लागलं तर कातडी सोलते.

आपले,
ग्रामस्थ मंडळ (ग्रामीण) व मुंबई मंडळ