सूज घालवायची घाई

संपादक महोदय,

‘शरीरातली सूज मुळापासून घालवा’ हा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपपुढे गेली, त्यामुळे मथळाच खटकला. सूज म्हणजे जंतूंशी लढायची आणि इजा भरून काढायची शरीराची यंत्रणा. ती खरंच मुळापासून गेली, तर साधी जखमही भरून यायची नाही.

गळवातल्या पुवाची स्लाइड ग्रॅम पद्धतीने (जंतू दिसावेत म्हणून वापरतात ती रंग देण्याची पद्धत) रंगवून पाहा. पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी दिसते, प्रत्येकीचं केंद्रक दोन-चार पाळ्यांचं. काहींच्या पोटात गिळलेले जंतू असतात, जांभळ्या ठिपक्यांसारखे. पुवाची आपल्याला किळस येते, पण त्यात बहुतांशी असतात त्या लढून मेलेल्या याच पेशी. त्यांना रक्तातून बाहेर पडून तिथवर पोचता यावं म्हणून रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात, पाणी झिरपतं. मग ती जागा लाल होते, तापते, फुगते, ठणकते. रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकातच ही चार लक्षणं लिहून ठेवली आहेत. जंतू नसले तरी हे घडतं. मुरगळलेल्या घोट्याला सूज येते ती आतल्या इजेमुळे. तिथे अँटिबायोटिक काय करणार?

काम संपलं तरी ही यंत्रणा थांबत नाही, तेव्हा मात्र बिघडतं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवाताच्या प्रकारात ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि उपचार लांबवले तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. लेखात यावर जेमतेम एक ओळ होती!

शेजारच्या चौकटीत सगळ्यांनी सीआरपी (सूज असली की रक्तात वाढणारं एक प्रथिन) तपासून घ्यावी असा सल्ला दिला आहे. हे प्रथिन यकृतात तयार होतं. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात त्याचा शोध लागला. संसर्ग असो वा शस्त्रक्रिया, काही तासांत ते चढू लागतं, दोनेक दिवसांत शिखर गाठतं आणि कारण मिटलं की उतरतं. दुखणं नेमकं कुठे आणि कशाचं, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. ईएसआर या दुसऱ्या रक्ततपासणीचंही तेच. उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या, एवढंच आम्ही मोजतो. तो तर ॲनिमियात आणि गरोदरपणातही वाढतो. रिपोर्टवरचा ठळक आकडा बघून काउंटरवरच घाम फुटलेली माणसं मी पाहिली आहेत. “मॅडम, कॅन्सर तर नाही ना?” याचं उत्तर लॅबवाल्यांनी काय द्यायचं?

आणखी एक. सुजेवरच्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना न विचारता रोज घेत राहिलं तर जठरात अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते. लेखात ही सूचना राहून गेली आहे. पुढच्या पुरवणीत ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन