भगव्यावर शिरोरेषा ताठच का राहते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतल्या लेखात फडकत्या झेंड्यावर अक्षरं बसवायची फोटोशॉपची कृती दिली आहे: डिस्प्लेस फिल्टर घ्या, झेंड्याचाच फोटो नकाशा म्हणून द्या, दोन्ही आकडे (आडवं आणि उभं किती सरकवायचं ते) 10 ठेवा. कृती तशी बरोबर, पण भगव्या कापडावर आणि देवनागरीत नेमकी ती फसते. गणपतीच्या दिवसांत फ्लेक्सवर झेंड्याला सुरकुत्या आणि त्यावरची शिरोरेषा मात्र पट्टीने आखलेली, हे दृश्य त्यातलंच.

डिस्प्लेस नकाशातला उजेड-अंधार पाहून पिक्सेल सरकवतो. 128 ची राखाडी छटा असेल तिथे काही हलत नाही. 0 (काळा) आणि 255 (पांढरा) ही दोन टोकं, तिथे सर्वाधिक सरकतं. रंगीत फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा (चॅनलचा) असतो; नकाशा रंगीत असला तर लाल चॅनल आडवं सरकवतो, हिरवा उभं. भगव्यात लाल जवळजवळ 255 ला टेकलेला असतो, सुरकुती त्यात उमटतच नाही आणि अख्खी ओळ एकगठ्ठा बाजूला जाते. निळा तर काळाच. सुरकुत्या सापडतात हिरव्यात. तेवढाच चॅनल घेऊन ग्रेस्केल (फक्त राखाडी छटांची) फाइल करावी, लेव्हल्सने (उजेड-अंधार कमीजास्त करायची सोय) सरासरी 128 च्या आसपास आणावी (छटांचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, त्यात ही सरासरी ‘मीन’ म्हणून दिसते) आणि पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) म्हणून सेव्ह करावी. नकाशा म्हणून हा फिल्टर जेपीजी फाइल घेत नाही, हे लेखात राहूनच गेलं. सेव्ह करण्याआधी नकाशाला गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) द्यायला हवा, 1080 पिक्सेलच्या पोस्टला 2 पिक्सेल पुरतो. नाहीतर कापडाची वीण अक्षरांच्या कडांवर करवतीसारखी उतरते आणि रफार, उकार आधी तुटतात.

आता आकडे. शिरोरेषा आडवी सरकवली तर ती स्वतःवरच घसरते, वाकत नाही. रोमन अक्षरं सुटी असल्याने हे खपून जातं, आपल्याकडे नाही. म्हणून आडवा आकडा 2-3 आणि उभा मोठा. किती मोठा, ते फाइलवर ठरतं: 10 म्हणजे जास्तीत जास्त 12.8 पिक्सेल. मोबाइलवरच्या पोस्टला ते पुष्कळ झालं. पण 10 फुटी फ्लेक्स 72 डीपीआयला 8640 पिक्सेल रुंद असतो, त्यावर 12.8 पिक्सेल म्हणजे जेमतेम साडेचार मिलिमीटर. रस्त्यावरून कुणाला दिसणार? तिथे उभा आकडा 80 ठेवला तर साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वाक येतो. ब्लरही त्याच पटीत वाढवावा.

फिल्टर देण्याआधी टेक्स्ट लेयरची एक प्रत राखून दुसरी रास्टराइज करावी, म्हणजे अक्षरांचं पिक्सेलच्या चित्रात रूपांतर करावं. गडद अक्षरांना शेवटी मल्टिप्लाय (खालचा थर वरच्यातून गडद करून दाखवणारा मोड) लावला की सुरकुतीची सावली अक्षरांवर येते. पांढरी अक्षरं मल्टिप्लायमध्ये गायबच होतात. त्यांच्यावर त्याच राखाडी नकाशाची जरा उजळ केलेली प्रत क्लिपिंग मास्कने (म्हणजे फक्त अक्षरांच्या आकारापुरती) बसवून, मल्टिप्लायमध्येच, 40 टक्के अपारदर्शकतेवर (ओपॅसिटी) ठेवावी.

– एक डीटीपी व्यावसायिक, सोलापूर